पोट गप्प आहे, आतडं आहे का?

नागपुरात राहून संत्र्याची फोडसुद्धा सोलून खाणारी माणसं फार नसतील. साल सगळेच काढतात. मी फोडीवरचा पातळ पापुद्राही काढते, बिया काढते आणि आतला नुसता गर खाते. हिवाळ्यात कुणाकडे गेलं की माझ्या ताटलीत पापुद्र्यांचा ढीग होतो आणि कुणीतरी विचारतंच, "काऊन गं, एवढे नखरे?" नखरे नाहीत. माझ्या लहान आतड्याच्या शेवटी साधारण चार बोटांचा एक भाग अरुंद झाला आहे. संत्र्याचा पापुद्रा, कोबीचा कच्चा देठ, मक्याचे दाणे असं जे नीट पचत नाही ते तिथे जाऊन अडतं. एकदा अडलं होतं. ती गोष्ट पुढे येईलच.

या आजाराचं नाव क्रोन्स. मला तो बाविसाव्या वर्षी कळला, आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे. या सहा वर्षांत नातेवाईक, मैत्रिणी, ऑफिसातले सहकारी आणि नव्याने निदान झालेली दोन-तीन मुलं यांना मी हा आजार इतक्या वेळा समजावून सांगितला आहे की आता लिहूनच काढावा म्हटलं.

ओल गिलाव्याची आणि ओल विटेची

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी १४ रुग्णांचा अभ्यास छापला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला होणारा, मुख्यतः तरुणांना गाठणारा आजार, असं वर्णन त्यांनी केलं होतं. लेखकांची नावं आद्याक्षरानुसार लागली, क्रोन पहिले आले आणि आजाराला त्यांचं नाव चिकटलं. खरं म्हणजे डॅलझिएल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १९१३ मध्येच असे रुग्ण नोंदवून ठेवले होते. ते राहून गेले.

'तरुणांना' हा शब्द महत्त्वाचा. बहुतेकांना हा आजार पंधरा ते पस्तीसच्या दरम्यान गाठतो. म्हणजे बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, लग्न यांच्या बरोबर मधोमध.

आतड्याला काय होतं ते घराच्या भिंतीवरून समजा. पावसाळ्यात काही भिंतींचा नुसता गिलावा फुगतो, पोपडे निघतात. क्रोन्सचा चुलतभाऊ म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, तो साधारण असा असतो: मोठ्या आतड्यापुरता, आतल्या अस्तरापुरता आणि खालून वर सलग पसरलेला. क्रोन्समध्ये ओल विटेत उतरते. आतड्याच्या भिंतीचे सगळे थर सुजतात. शिवाय तो सलग नसतो. आमच्या रस्त्यांसारखा थोडा डांबरी, मग खड्डे, मग पुन्हा डांबरी. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे उजव्या कुशीत खाली, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं.

ओल विटेपर्यंत गेली की दोन गोष्टी होतात. एक, ती पलीकडच्या खोलीत फुटते. आतड्यातून दुसऱ्या आतड्यात, मूत्राशयात किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीत वाट तयार होते. आपण ज्याला भगंदर म्हणतो त्यातली काही क्रोन्सची असतात. दोन, सूज येऊन जाऊन, येऊन जाऊन तिथे व्रण धरतो. भाजलेली कातडी आखडते तसं आतडं आखडतं. सूज औषधाने उतरते, पण व्रणाला औषध नाही. हे वाक्य मला उशिरा समजलं, म्हणून इथे लवकर सांगते आहे.

हे का होतं? आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे काणाडोळा करते. इतवारीच्या बाजारात पोलीस उभा असतो, पण तो प्रत्येक हमालाला अडवत नाही, तसं. क्रोन्समध्ये हा पोलीस रोजच्याच माणसांवर लाठी उगारतो आणि थांबतच नाही. त्याला चिथावणारं एकच कारण नाही. थोडं जनुकांचं, थोडं जिवाणूंच्या बदललेल्या वस्तीचं, थोडं राहणीमानाचं. २००१ साली नॉड-टू हे पहिलं संबंधित जनुक सापडलं, पण त्यातले युरोपातल्या रुग्णांत दिसणारे बदल भारतीय रुग्णांत क्वचितच आढळतात. हा आजार संसर्गाने होत नाही, माझ्या ताटात जेवलं म्हणून कुणाला होणार नाही. सिगारेटने मात्र तो नक्की बिघडतो. पानठेल्यावरची "एकच मारतो" ही माझ्या मित्रांची सवय त्यांच्यासाठी वाईटच आहे, पण क्रोन्सवाल्याला ती थेट ऑपरेशनच्या दिशेने नेते.

आई अजूनही म्हणते, हॉस्टेलच्या मेसमुळे झालं. मी वाद घालणं सोडलं आहे.

टीबी की क्रोन्स

माझं वजन चार महिन्यांत नऊ किलो उतरलं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं गेलं ते गॅस. मग परीक्षेचं टेन्शन. मग मूळव्याध, कारण बसायला दुखत होतं. मग आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. हे नाव आणि आयबीडी, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस यांचं एकत्र नाव, या दोन्हींत फार घोळ होतो. आयबीएसमध्ये आतडं चिडकं असतं, पण त्याला जखम नसते. आयबीडीमध्ये जखम असते. घरी बसून ओळखायच्या खुणा साध्या आहेत: झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, उगाच उतरणारं वजन, संध्याकाळचा ताप, हिमोग्लोबिन कमी. आयबीएस सहसा कुणाला रात्री दोन वाजता उठवत नाही आणि रक्तही काढत नाही. यातली एक जरी खूण असली तरी "गॅस आहे" हे उत्तर मान्य करू नका.

मग दुर्बिणीची तपासणी ठरली, म्हणजे कोलोनोस्कोपी. तिला लोक फार घाबरतात. तपासणी झोपेतच होऊन जाते. त्रास असतो तो आदल्या रात्रीचं दोन लिटर खारट-लिंबट पाणी पिण्याचा. ते गार करून, स्ट्रॉने प्या.

दुर्बिणीत माझ्या लहान आतड्याच्या शेवटी जखमा दिसल्या आणि आपल्याकडचा खास प्रश्न उभा राहिला: हा क्रोन्स की टीबी? पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णाला या वळणावरून सहसा जावंच लागत नाही. आतड्याच्या टीबीचीही आवडती जागा तीच, उजव्या कुशीतला सांधा. वजन तसंच उतरतं, ताप तसाच येतो, दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा तुकडा तपासला तर दोन्हींत पेशींच्या तशाच गाठी दिसतात. फरक आहेत. टीबीच्या जखमा बहुधा आडव्या, आतड्याला वेढणाऱ्या. क्रोन्सच्या उभ्या, लांबट, मध्ये चांगलं आतडं सोडून. पोटात पाणी झालं तर संशय टीबीकडे जातो, गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर क्रोन्सकडे. तुकड्यावर जीन एक्स्पर्ट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणी करतात, पण आतड्याच्या टीबीत जंतू इतके थोडे असतात की तपासणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही.

मग डॉक्टर जे करतात ते बाहेरच्याला अंदाधुंदी वाटतं, पण त्यामागे हिशोब आहे. कोणत्या बाजूची चूक जास्त महाग पडेल? टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर जंतू पेटून उठेल. क्रोन्स असताना टीबीची औषधं दिली तर काही महिने वाया जातील. म्हणून शंका मिटत नसेल तर आधी टीबीची औषधं देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघतात. टीबी असेल तर जखमा भरलेल्या दिसतात आणि सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करतात. जखमा तशाच असतील तर क्रोन्स.

माझे ते तीन महिने. लघवी नारिंगी-लाल व्हायची, भूक मेलेली. गंमत म्हणजे मला थोडं बरं वाटू लागलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टीबीच होता बघ, औषध लागू पडलं." दुर्बिणीत जखमा जशाच्या तशा होत्या. म्हणून या वळणावरच्या कुणालाही माझं एवढंच सांगणं आहे: बरं वाटतंय म्हणून ती दुसरी दुर्बीण टाळू नका. टीबीच्या गोळ्यांवर वर्षभर ढकलले गेलेले क्रोन्सचे रुग्ण मला भेटले आहेत आणि तेवढ्या काळात आतडं आखडत जातं.

गप्प पोटाची फसवणूक

निदानानंतर मला स्टेरॉइड सुरू झालं आणि आठवड्याभरात मी सहा पोळ्या खाऊ लागले. स्टेरॉइड हे आग विझवणारं पाणी आहे, घरात साठवून ठेवायचं औषध नाही. ते काही आठवड्यांत हळूहळू उतरवत बंद करायचं असतं. एकदम तोडलं तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते आणि माणूस कोसळतो. लांबवलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा पुरणपोळीसारखा गोल होतो. झोप उडते आणि चिडचिडही फार होते. त्या दोन महिन्यांत धाकट्या भावाशी मी जितकी भांडले तितकी आयुष्यात भांडले नाही.

पुढे आग पुन्हा लागू नये म्हणून ॲझाथायोप्रिन सुरू झालं. ही गोळी काम करायला दोन-तीन महिने घेते. सुरुवातीला वारंवार रक्त तपासावं लागतं, कारण काहींच्या पांढऱ्या पेशी ती धोकादायकपणे खाली आणते. भारतीयांसह आशियातल्या बऱ्याच लोकांत नूडीटी-१५ नावाच्या जनुकात असा बदल असतो की नेहमीचा डोसही त्यांना जास्त होतो. त्याची तपासणी मिळते, गोळी सुरू करण्यापूर्वी विचारून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत मूठभर केस गळू लागले तर शाम्पू बदलत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. ही गोळी घेणाऱ्याची कातडी उन्हाला नाजूक होते. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे मुली स्कार्फ, सनकोट आणि हातमोज्यांनी स्वतःला गुंडाळून गाडी चालवतात तो वेश माझ्यासाठी डॉक्टरी सल्ला ठरला.

दोन वर्षं छान गेली. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, वजन परत आलं, फुटाळ्यावर कणीस सोडून सगळं खाऊन झालं. आणि मग पंचविसाव्या वर्षी मी गोळी सोडली. कुणाला सांगितलं नाही. आधी विसरले, मग दोन दिवस नाही घेतली तरी काही झालं नाही, मग महिना, मग आठ महिने. पोट एकदम गप्प. मला वाटलं, मी बरी झाले.

जानेवारीत कळमेश्वरकडच्या एका शेतावर हुरडा पार्टी होती. हुरडा, वांग्याचं भरीत, बोरं. रात्री पोटात पिळवटून कळा सुरू झाल्या, पोट ढोलासारखं फुगलं, उलट्या, आणि वारासुद्धा सरेना. ही शेवटची खूण लक्षात ठेवा. उलट्या, फुगलेलं पोट आणि गॅस बंद असं एकत्र आलं तर ओवा, हिंग, गॅसची गोळी काही नको, थेट हॉस्पिटल. चार दिवस नाकात नळी, सलाईन, तोंडाने पाणीही नाही. स्कॅनमध्ये ती चार बोटांची अरुंद जागा दिसली. आठ महिने पोट गप्प होतं, आतडं नव्हतं.

क्रोन्समधली हीच गोष्ट समजायला सगळ्यात अवघड आहे. लक्षणं आणि सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट दुखत असतं तेव्हा आत सूज नसू शकते, कारण जुना व्रण किंवा चिडकं आतडंही दुखतं. आणि पोट शांत असताना आत भिंत ओली होत असू शकते. म्हणून आता डॉक्टर "कसं वाटतंय?" यावर थांबत नाहीत. आतून जखम भरली का, हे बघतात.

दर वेळी दुर्बीण घालणं शक्य नसतं, म्हणून शौचाची एक तपासणी आहे: कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. ढोबळमानाने ५० च्या खाली शांत, २५० च्या वर आत काहीतरी चालू. मधला प्रदेश परत तपासण्याचा. जुलाबाचा संसर्ग असताना किंवा ब्रुफेन, डायक्लोफिनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर आकडा उगाच वाढतो. या गोळ्या क्रोन्सवाल्याने तशाही टाळाव्यात, त्या आतड्याला सोलतात. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. डबी लॅबमध्ये नेण्याची लाज पहिल्यांदा वाटते. मी ती डबा न्यायच्या पिशवीत घालून मेट्रोने नेते, शेजारी बसणाऱ्याला वाटतं आईने भाजी दिली असेल.

इंजेक्शन आणि नागपूरचा मे

हॉस्पिटलमधून आल्यावर अ‍ॅडालिमुमॅब सुरू झालं. बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेल्या औषधांतलं हे एक. सुजेचा निरोप पोचवणारा टीएनएफ नावाचा रेणू असतो, हे औषध त्यालाच पकडून ठेवतं. या गटातलं पहिलं औषध, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ मध्ये मंजूर झालं. ते सलाईनमधून देतात, सुरुवातीच्या डोसांनंतर दर आठ आठवड्यांनी. अ‍ॅडालिमुमॅब घरीच टोचता येतं, दर दोन आठवड्यांनी, मांडीत किंवा पोटावर. त्याची नक्कल म्हणजे बायोसिमिलर जगात पहिल्यांदा बाजारात आली ती भारतात, २०१४ च्या डिसेंबरमध्ये, आणि तेव्हापासून आपल्यासारख्यांना ते निदान विचारात तरी घेता येतं. पुढे वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब आणि आता उपाडासिटिनिबसारख्या गोळ्याही आल्या.

इथे टीबी परत येतो. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, पेशींच्या पिंजऱ्यात बंद. त्या पिंजऱ्याला कुलूप लागतं टीएनएफमुळेच. आपण टीएनएफ अडवला की कुलूप सैल होतं. म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी मांटू ही कातडीवरची किंवा रक्ताची तपासणी, शिवाय हिपॅटायटिस बी. आणि सुरू झाल्यावरही दोन आठवड्यांचा खोकला, ताप अंगावर काढायचा नाही. लसींचंही तसंच: गोवर-गालगुंड, कांजिण्या अशा जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना चालत नाहीत, फ्लू आणि न्यूमोनियाच्या चालतात, घ्याव्यातच.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. मूळ औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की ते जास्तीत जास्त २५ अंशांत १४ दिवस बाहेर राहू शकतं. हे वाचून मला हसू आलं. मे महिन्यात बाहेर ४५, घरात कूलर लावूनही तिशी पार. आमच्याकडे 'खोलीचं तापमान' ही गोष्ट फेब्रुवारीबरोबर संपते. त्यामुळे माझे नियम: फ्रीजच्या दारात नाही, मधल्या कप्प्यात, मागच्या थंड भिंतीला न टेकता, कारण गोठलेलं इंजेक्शन वाया गेलं. दुकानातून आणायचं ते संध्याकाळी, थंड पिशवीतून, आणि बर्फाच्या पुडीला थेट न चिकटवता, मध्ये टॉवेल. गाडीच्या डिक्कीत एक मिनिटसुद्धा नाही. वादळात लाइट गेली तर फ्रीज उघडायचा नाही. हे शेवटचं घरातल्या सगळ्यांना पाठ झालं आहे, भाऊ थंड पाण्यासाठी हात घालायला गेला की बाबा ओरडतात.

उन्हाळ्याचा दुसरा हिशोब पाण्याचा. जुलाब आणि घाम दोन्ही असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस लागतं. शिवाय लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये मुतखडा होण्याची शक्यता जास्त असते आणि विदर्भाचा उन्हाळा त्याला मदतच करतो.

काय खाऊ?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही. सगळ्या क्रोन्सवाल्यांना लागू पडेल असा पथ्याचा कागद नाही. जेवणाने हा आजार झाला नाही आणि नुसत्या पथ्याने तो सहसा जातही नाही. लहान मुलांना मात्र सहा-आठ आठवडे फक्त विशेष पोषक द्रावणावर ठेवून स्टेरॉइडशिवाय सूज उतरवता येते, मोठ्यांना ते निभावत नाही म्हणून कमी वापरतात.

फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार उसळलेला असताना, मऊ भात, मुगाचं वरण, केळं, उकडलेला बटाटा, अंडं, साय काढलेलं ताक. आतडं अरुंद असेल तर चोथा टाळायचा: हुरडा, कणीस, शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर, अंबाडीचे देठ आणि संत्र्याचे ते पापुद्रे. संत्र्याचा रस गाळून प्या, काही बिघडत नाही. तर्री पोह्यातले पोहे चालतात, तर्रीतले हरभरे मी मैत्रिणीच्या प्लेटमध्ये टाकते. आणि सावजी? तिखटाने क्रोन्सची जखम होते असं नाही, पण फ्लेअरमध्ये ते मिरचीचं तेल जिथून जातं तिथे आठवण ठेवून जातं. आजार शांत असताना मी खाते, थोडं, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर. दूध प्रत्येकाने स्वतः करून बघायचं. मला चहापुरतं चालतं, खवा चालत नाही, त्यामुळे संत्रा बर्फीही गेली.

उलटी चूकही मी पाहिली आहे. एका मुलाने भीतीने एकेक पदार्थ सोडत सोडत दोन वर्षं भात आणि दही एवढंच खाल्लं. तो आजाराने नाही, उपासमारीने वाळला होता. लहान आतड्याचा शेवटचा भाग बी-१२ शोषतो, तिथे आजार असेल किंवा तो भाग कापला असेल तर गोळी गिळून उपयोग होईलच असं नाही, बहुधा इंजेक्शन घ्यावं लागतं. लोह आणि ड जीवनसत्त्वही बघत राहावं लागतं. आमच्या आजाराचा थकवा आळसासारखा दिसतो. त्याच्या मागे यातलं काही आहे का, हे आधी तपासा.

एक जडीबुटीवाले काका, गव्हांकुराचा रस, बेलफळाचं चूर्ण हे सगळं माझ्या घरीही येऊन गेलं. काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, एवढंच. लपवून घेतलेल्या काढ्याने लिव्हरचे आकडे वाढले तर दोष औषधाला जातो आणि चांगलं चाललेलं औषध बंद होतं.

आतड्याबाहेरचं आयुष्य

प्रतिकारशक्तीचा हा पोलीस कधी कधी दुसऱ्या मोहल्ल्यातही लाठी चालवतो: सांधे, कंबर, तोंडातले छाले, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी. डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल तर 'डोळे आले' म्हणून मेडिकलमधून थेंब आणू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बसायच्या जागी ताप आणि ठणका असेल तर तो मूळव्याध नसून पू असू शकतो.

ऑफिसात मी फक्त मॅनेजरला आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं आहे. मॅनेजरला सांगताना 'क्रोन्स' शब्द वापरलाच नाही: "आतड्याचा जुनाट आजार आहे, कधी मीटिंगमधून उठून जावं लागेल, दोन महिन्यांतून एकदा अर्धा दिवस दवाखान्यात." एवढं पुरलं. शहराचा माझा नकाशा वेगळा आहे. बर्डीवर कुठल्या इमारतीतलं टॉयलेट स्वच्छ, वर्धा रोडवर कुठला पेट्रोल पंप, मेट्रोच्या कुठल्या स्टेशनवर उतरावं. गंमत म्हणजे नकाशा पाठ झाल्यापासून तो कमी लागतो.

विम्याबद्दल थोडक्यात: नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते. आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीचा दावा ऐन वेळी नाकारला जाऊ शकतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा प्रतीक्षा नसते, नोकरी बदलताना हे आधी विचारा. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातल्या यादीत मात्र क्रोन्स नाही.

ऑपरेशन म्हणजे हार, असं समजू नका. पूर्वी निदानापासून दहा वर्षांत जवळपास निम्म्यांना ते लागायचं, आता प्रमाण उतरलं आहे. आखडलेला तुकडा काढला की माणूस वर्षानुवर्षं छान जगतो. मात्र आजार जोडाच्या जागी परत डोकं काढू शकतो, म्हणून नंतरही तपासणी. छोटी अरुंद जागा कधी दुर्बिणीतून फुग्याने रुंदही करता येते. माझ्या बाबतीत इंजेक्शनने सुजेचा भाग उतरला, व्रणाचा राहिला. सध्या तेवढ्यावर चाललं आहे.

आणि लग्न. मामी म्हणाली, "आधी सांगू नको, नंतर बघू." मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं. दोन स्थळं गेली, तिसरं थांबलं. त्याच्या आईने फोनवर विचारलं, मुलंबाळं होतील ना? विचारायलाच हवं होतं. होतात. आजार शांत असताना गर्भ राहिला तर बाळंतपण बहुतेक वेळा नीट पार पडतं, उसळलेला असताना राहिला तर अडचणी वाढतात. अ‍ॅडालिमुमॅब आणि ॲझाथायोप्रिन सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट मात्र आधीच, किमान तीन महिने, बंद करावं लागतं. आई-वडिलांपैकी एकाला क्रोन्स असेल तर मुलाला धोका थोडा वाढतो, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. हे सगळं मी त्यांना तसंच सांगितलं. त्या जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "चालत नाही त्याची यादी नको पाठवू. चालतं काय ते लिही."

गेल्या आठवड्यात कॅलप्रोटेक्टिनचा आकडा आला, १८०. पोट एकदम ठीक आहे, झोप ठीक, वजन ठीक. पूर्वी मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला असता. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी परत करू आणि रक्तात इंजेक्शनची पातळी पुरेशी आहे का, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तर बनवत नाही ना, तेही बघू. डबी आणून ठेवली आहे, फ्रीजवर, संत्र्यांच्या टोपलीशेजारी.